ऑर्डर घेत नाही. भाजते आणि खाते.

गोदाकाठची खादाड | १८ जानेवारी, रात्री ११.४०

परवा आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बाकीच्यांनी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणले, मी तिळाची नानकटाई नेली. चार-चार, बटर पेपरात बांधून. पहिला घास तोंडात असतानाच एकजण म्हणाली, "अगं, ऑर्डर का घेत नाहीस?" दुसरीने किलोचा भाव ठरवला. तिसरीने नाव सुचवलं, चौथीची भाची म्हणे लोगो फार छान करते. अत्तर लावून होईपर्यंत माझा धंदा सुरू होऊन त्याची कॉलेज रोडला शाखासुद्धा निघाली होती.

"अजून एक आहे का गं?" असं मात्र कोणी विचारलं नाही. ते लागलं मला.

तर हा धागा त्यासाठी. मी भाजते कारण मला खायला आवडतं. नोकरी आहे, त्यात पोट भरतं. हे पोटाच्या वरचं आहे. रात्री साडेदहाला ओटा आवरला की मी पीठ चाळायला घेते. घरात सगळे झोपलेले. ओव्हनचा पिवळा दिवा लागतो आणि मी समोर प्लास्टिकचं स्टूल टाकून बसते, लोक टीव्हीसमोर बसतात तशी. साधा रव्याचा केक असला तरी आधी कडा वर येतात, मधला भाग मागे रेंगाळतो, मग तोही उचलतो आणि शेवटी वर एक चीर पडते. त्या चिरेतून वाफ निघायला लागली की वेलचीचा वास हॉलपर्यंत जातो. त्या वासाने नवरा उठतो. सासूबाई उठत नाहीत, पण सकाळी "रात्री काय होतं गं?" विचारतात.

पाव गरम असताना कापू नये म्हणतात. खरं आहे, आतला गर चिकट होतो, सुरीला लागतो. तरीही दर वेळी मी टोकाचा तुकडा गरमच कापते, त्यावर लोणी, वर मीठ, आणि ओट्याशी उभ्याने खाते. तो तुकडा मी आजवर कोणालाही दिलेला नाही.

बिघडतंही. मागच्या आठवड्यातल्या बिनअंड्याच्या चॉकलेट केकच्या मध्यभागी असा खड्डा पडला की त्यात रामकुंडासारखं स्नान करता आलं असतं. आम्ही त्यात आइस्क्रीम भरलं.

तुम्ही स्वतःसाठी काय भाजता? फोटो नको. बुडाला लागलेलं असलं तरी चालेल.

चिऊताई | रात्री ११.५२

तोंडाला पाणी सुटलं. आणि रात्री बारा वाजता असले धागे काढणाऱ्यांवर बंदी घाला.

सातपूरकर | १९ जानेवारी, सकाळी ७.१०

धागा आवडला. मी पुरुष, वय ४८, दिवसभर कंपनीत मशीनवर मायक्रॉनचा हिशोब, त्यामुळे घरी आल्यावर पिठाशी खेळायला बरं वाटतं. आम्हाला शनिवारी सुट्टी. शनिवारी संध्याकाळी लादी पाव, रविवारी सकाळी मिसळ. सगळा आठवडा या एका ताटासाठी ढकलतो.

मिसळीवर आपल्या नाशकात लोक तासन्‌तास वाद घालतात. काळा रस्सा की लाल, मटकी किती, दही वर की बाजूला. पावाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही! माझं माप: मैदा ५०० ग्रॅम, दूध-पाणी मिळून ३२५, इन्स्टंट यीस्ट ७, साखर ३०, मीठ ९, लोणी ४०. लोणी शेवटी. पीठ इतकं मळायचं की छोटा गोळा बोटांवर ताणला तर न फाटता पातळ पडदा व्हावा आणि पलीकडचा उजेड दिसावा. हाताने १५ ते २० मिनिटं लागतात. मध्ये दम लागला तर झाकून दहा मिनिटं बसा, पीठ तेवढ्यात स्वतःहून निम्मं काम करून ठेवतं. गोळे ट्रेमध्ये बोटभर अंतराने ठेवायचे म्हणजे फुगून एकमेकांना चिकटतात. बाजूने मऊ राहणारा तो लादीचा पाव त्यामुळेच होतो. लांब ठेवलेत तर बन होतील.

ताई, तुमच्या खड्ड्याबद्दल: ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. माझ्या ओव्हनचं बटण १८० वर असताना आत २०५ होते. बटणावर विश्वास ठेवून मी दोन वर्षं स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

गोदाकाठची खादाड | सकाळी ८.३०

थर्मामीटर मागवला. पण खड्ड्याचं खरं कारण मला ठाऊक आहे. मी विसाव्या मिनिटाला दार उघडून बघितलं. राहवलं नाही.

मेघमल्हार | सकाळी ९.०५

नाशिक उंचावर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथे केक बसतात असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. खरं का?

सातपूरकर | सकाळी ९.२०

नाही हो. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास. सोडा कमी करा, पाणी वाढवा या भानगडी साधारण हजार मीटरच्या वर सुरू होतात. आपले केक बसतात ते दार उघडल्यामुळे, सोडा जास्त झाल्यामुळे, नाहीतर घोळ करून ठेवून मध्येच फोनवर बोलत बसल्यामुळे. सोड्याला दह्याचं किंवा व्हिनेगरचं आंबट लागलं की वायू लगेच सुटायला लागतो. तो तुमचा फोन संपायची वाट बघत नाही.

पिंपळगावची सून | सकाळी ११.४५

आमच्याकडे सध्या बागेत मजूर, घरात चहा, आणि मी मधल्या वेळात चोरून धागा वाचतेय.

माझी नणंद पुण्याला असते. तिला आंबवलेल्या पिठाच्या पावाचं वेड. ती म्हणे, विरजणात आपल्या बागेतली द्राक्षं न धुता घालायची, त्यावरच्या पांढऱ्या थरात यीस्ट असतं. मी म्हटलं, वन्सं, तो थर बहुतेक सगळा मेणाचा असतो. आणि न धुता म्हणजे काय काय पोटात जाईल माहितीये का? छाटणीपासून आजपर्यंत त्या घडाने बोर्डो हे बुरशीनाशक पाहिलंय, गंधक पाहिलंय, जीए या संजीवकात बुडवून घेतलंय. विरजण नुसत्या कणकेचं आणि पाण्याचंही होतं. रोज थोडं काढायचं, तेवढीच ताजी कणीक आणि पाणी घालायचं. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत तयार होतं, आत्ताच्या थंडीत दुप्पट दिवस धरा. पिठात मुळातच सगळं असतं.

केकमध्ये बेदाणे घालणाऱ्यांसाठी: बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढतात, म्हणजे साल लवकर पाणी सोडते. तेव्हा कोमट पाण्यात दोनदा धुवा, फडक्यावर कोरडे करा, मग वापरा. कोरड्या मैद्यात घोळवले तर तळाशी जात नाहीत म्हणतात. पण घोळच पातळ असेल तर मैद्यात घोळवा नाहीतर चंदनात, बुडणार ते बुडणारच.

मी स्वतःसाठी काय करते? फुटलेल्या, निर्यातीला न चालणाऱ्या काळ्या द्राक्षांचा उलटा केक. तळाशी गूळ आणि तूप, त्यावर द्राक्षं, वर घोळ. ओव्हन नाही. जुना कुकर, शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ आणि मिठावर जाळी. पन्नास मिनिटं मंद आचेवर. तेच मीठ तिसरं वर्ष चालू आहे, आता ते शेंगदाण्याच्या रंगाचं झालंय.

चिऊताई | सकाळी ११.५८

"मैद्यात घोळवा नाहीतर चंदनात" हसून हसून पुरेवाट

साधं_सरळ | दुपारी १.१५

मैदा, साखर, लोणी. वर रात्री अकरा वाजता खायचं. मग पन्नाशीत शुगर निघाली की डॉक्टरांना शिव्या. कोणीतरी बोलायला हवं म्हणून बोललो.

गोदाकाठची खादाड | दुपारी १.४०

बोललात ते बरोबर आहे. एका वेळी एकच तुकडा खाते, पण खाताना दुसरं काही करत नाही, फोनसुद्धा बघत नाही. आणि गेल्या वर्षापासून नागलीकडे, म्हणजे नाचणीकडे, वळले आहे. ते तब्येतीसाठी नाही. चव आवडली म्हणून.

२०२३ ला भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष आलं तेव्हा शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटं दिसायला लागली. बरीचशी खाल्ली की खडू खाल्ल्यासारखी लागतात. याचं कारण पीठ कच्चं वापरतात. माझी कामवाली बाई पेठ तालुक्यातली. तिने सांगितलं, "ताई, आधी भाजा की!" जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, वास बदलेपर्यंत. कच्च्या नागलीला ओल्या मातीचा वास असतो, भाजली की तो कोकोच्या जवळ जातो. पूर्ण गार करायची, नाहीतर तूप वितळतं.

माप देते. मैदा १०० ग्रॅम, भाजलेली नागली १००, बेसन ३०, तूप १४०, पिठीसाखर १२०, चिमूटभर सोडा, वेलची, जायफळ. तूप थिजलेलं, रवाळ. आत्ताच्या थंडीत आपोआप तसं मिळतं, मे महिन्यात फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. तूप आणि साखर हाताने फेसायची, पांढरी आणि हलकी होईपर्यंत. तळहात दुखला पाहिजे. मग पिठं घालून नुसतं गोळा करायचं, मळायचं नाही. १६० अंशांवर १८ मिनिटं. बाहेर काढली की मऊच लागते, आणि इथेच सगळे फसतात: कच्ची राहिली म्हणून परत आत ढकलतात आणि दगड करून ठेवतात. वीस मिनिटं तिच्याकडे बघू नका, गार होताना ती आपोआप खुसखुशीत होते.

नागलीत ग्लुटेन नाही, म्हणून तिचा फुगलेला पाव होणार नाही. नानकटाईला मात्र ते नसलेलंच बरं.

निफाडची थंडी | दुपारी २.३०

पीठ फुगत नाही म्हणणाऱ्यांनी थंडी कुणाकडे जास्त आहे ते आम्हाला विचारा. मागच्या महिन्यात कणकेचा पाव करायचा होता, चार तास झाले तरी गोळा आहे तसा. शेवटी डबा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवला, मागच्या सीटवर, पट्टा लावून. काचा बंद असल्या की आत मस्त ऊब असते. मी कपडे वाळत घालायला गेले आणि आमचे हे गाडी घेऊन अंबडला कामाला निघून गेले. पिंपळसच्या पुढे फोन. "मागे काहीतरी झाकण उचलतंय."

म्हटलं, बुक्की मारा आणि चालत राहा.

त्यांनी खरंच गाडी बाजूला घेऊन बुक्की मारली. संध्याकाळी डबा परत आला तेव्हा पीठ दोनदा फुगून बसलं होतं आणि गाडीला ताडीच्या दुकानाचा वास. पाव भाजला, आंबट झाला, पण चव अशी की आता मुद्दाम तसाच करावा वाटतो.

कणकेच्या पावाची वीट होते त्याचं उत्तर: कोंडा पाणी ओढतो. मैद्यापेक्षा पाणी जास्त घाला आणि मळायच्या आधी अर्धा तास नुसतं भिजत ठेवा. आणि गहू बघा. आमच्या गावात गव्हाचं संशोधन केंद्र आहे, तपोवन, त्र्यंबक ही वाणं इथलीच. गोदावरी पण इथलंच, पण तो बन्सी, म्हणजे कडक दाण्याचा गहू. रवा-शेवयांना उत्तम, पावाच्या नादी लावू नका.

गावठाणातला म्हातारा | सायंकाळी ६.२०

वाचून लिहावंसं वाटलं. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमच्या लहानपणी जुन्या नाशकात कोणाच्याच घरी ओव्हन नव्हता, पण घरची बिस्किटं आणि नानकटाई मात्र घरोघरी असे. दिवाळीच्या आधी आठवडाभर गल्लीतल्या भट्टीत नंबर लावायचा. मैदा, रवा, साखर, डालडा, सगळं साहित्य पिशवीत घालून आई आम्हा भावंडांना पाठवायची. साजूक तूप वापरणारी घरं थोडी, त्यांची पोरं डबा मुद्दाम उघडा धरून उभी राहायची. भट्टीवाला पीठ मळून द्यायचा, गोळे आम्ही करायचे. काळे पडलेले पत्रे, प्रत्येकाची खूण वेगळी. आमची आई चारोळी लावायची, शेजारच्या काकू बदामाचा काप. एका घराची काहीच खूण नसे, त्यांचं म्हणणं, ज्यावर काही नाही ते आमचं.

भट्टी लाकडाची. पहाटे आधी पाव, तेव्हा ती लालबुंद. पाव निघाला की ती हळूहळू उतरते आणि त्या उतरत्या उष्णतेवर बटर, खारी, नानकटाई. सगळ्यात शेवटी टोस्ट, नुसता सुकवायला. थर्मामीटर कुठला? भट्टीवाला आत मूठभर मैदा फेकायचा. किती वेळात तांबूस होतो ते बघून सांगायचा, "अजून दहा मिनिटं थांबा रे." ते दहा मिनिटं आमच्या आयुष्यातले सर्वांत लांब.

एका वर्षी आमचा पत्रा बदलला. घरी येऊन डबा उघडला तर सगळ्यांवर बदाम. आई म्हणाली परत करून या. आम्ही भावंडं परत करायला निघालो आणि बदाम तेवढे वाटेत खाऊन टाकले. काकूंना खूण नसलेली नानकटाई मिळाली. त्यावरून पुढे त्या तिसऱ्या घराशी जे भांडण झालं ते भाऊबीजेपर्यंत मिटलं नाही.

चिऊताई | सायंकाळी ६.३१

काका, तुम्ही रोज लिहा.

क्रीमवाली | रात्री ९.४५

खादाडताई, तुमचा धागा सकाळीच वाचला. उत्तर द्यावं की नाही, दिवसभर ठरत नव्हतं.

मी ऑर्डर घेते. पाच वर्षं झाली. "ऑर्डर का घेत नाहीस" हे कुणीतरी मलाही म्हणालं होतं, आणि मला तेव्हा त्याचा राग आला नाही, उपकार वाटले. ह्यांचं काम सुटलं होतं. अन्नपरवान्याची साधी नोंदणी काढली, तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती, आणि आत्याचा ओव्हन उसना आणला. त्या ओव्हनवर मुलाची फी भरली आहे. तेव्हा "हे पोटाच्या वरचं आहे" वाचून जरा टोचलं. सगळ्यांना वरचं परवडत नाही.

पण खरं सांगू का? पाच वर्षांत स्वतःसाठी एकही केक केला नाही. लोकांना चव नको असते, वरचा घोडा हवा असतो, नाहीतर गाडी, नाहीतर नवऱ्याचा फोटो. आतला स्पंज कसा झाला हे आजवर दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं. एका बाईंनी ऑर्डर न्यायच्या दिवशी फोनच उचलला नाही, दोन किलोचा जांभळा केक घरात. आम्ही तो तीन दिवस खाल्ला आणि मुलगा म्हणाला, आई, याला क्रीमचा वास येतो, केकचा येतच नाही.

रात्री अकरा वाजता माझाही ओव्हन चालू असतो. मी त्याच्यासमोर बसत नाही. मी खोकी दुमडत असते.

गोदाकाठची खादाड | रात्री १०.२०

टोचलं ते योग्यच टोचलं. ते वाक्य मी माझ्या पगाराच्या भरवशावर लिहिलं. आता बदलत नाही, राहू दे, म्हणजे तुमचं उत्तरही त्याच्याखाली राहील.

एक विचारू? शेवटचं असं काय खाल्लं होतंत, जे दुसऱ्या कुणी भाजलं होतं?

क्रीमवाली | रात्री १०.३२

आठवत नाहीये. खरंच आठवत नाहीये.

पिंपळगावची सून | रात्री १०.४०

बागेत या. कुकर तयार आहे.

मेघमल्हार | २० जानेवारी, सकाळी १०.००

काका, घरचं साहित्य भाजून देणारी भट्टी आता कुठे उरली आहे का?

गावठाणातला म्हातारा | सकाळी ११.१५

आहे. नाव इथे टाकत नाही, उगाच गर्दी झाली तर तो मलाच बोलेल. खादाडताईंना निरोपात पत्ता पाठवला आहे. दुपारी बारानंतर जा, तोवर पाव निघालेला असतो. पत्रा त्याचाच. डबा आपला न्यायचा, पातेलं नको, वाफ धरतं.

गोदाकाठची खादाड | २५ जानेवारी, सायंकाळी ५.५०

जाऊन आले. नागलीचं दुप्पट माप घरीच करून नेलं, ४४ गोळे. खूण म्हणून चारोळी लावली, काकांच्या आईसाठी. भट्टीवाल्याने आधी गोळा हुंगला. "हे काळं काय?" म्हणाला. नागली म्हटल्यावर हसला, म्हणाला, आमची म्हातारी याची भाकर करायची, नानकटाई कोणी केली नाही.

बारा मिनिटांत बाहेर. ओव्हनमध्ये जमत नाही तसा खालचा भाग: तळाला गडद, जवळजवळ कडवट, आणि लाकडाच्या धुराची अगदी पुसटशी चव. वर चीर पडलेली, चारोळी अर्धी आत गेलेली. भट्टीवाल्याने न विचारता एक उचलली. खाल्ली. आणि दुसरी उचलली. ऑर्डरचं काही बोलला नाही.

घरी येऊन मोजल्या तर ३९. दोन त्याच्या, तीन रिक्षात.

सातपूरकर | सायंकाळी ६.०५

रिक्षात तीन म्हणजे संयम म्हणायचा.

क्रीमवाली | सायंकाळी ६.१०

मला आठ हव्यात. पैसे देणार नाही.

गोदाकाठची खादाड | सायंकाळी ६.११

डबा भरून ठेवलाय. ये. खोकं आणू नकोस.